निदान "नाही" तरी कळवा

मायक्रोमीटर
रविवार, रात्री १०:५२

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितोच.

मी मेकॅनिकल डिप्लोमा, नंतर पार्टटाइम बी.ई. सोळा वर्षं क्वालिटीत काढली. सुरुवात भोसरीला, मग चाकणला, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. मार्चमध्ये आमची लाइन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवली आणि आम्हा अकरा जणांना तीन महिन्यांचा पगार देऊन मोकळं केलं. हिशोब वेळेवर मिळाला, रिलिव्हिंग लेटर मिळालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्यानंतरच्या सात महिन्यांबद्दल.

मी वही घातली आहे. क्वालिटीतल्या माणसाला नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. आजपर्यंत १८६ अर्ज. त्यातल्या १४१ ठिकाणांहून काहीही आलं नाही. २९ ठिकाणांहून संगणकाने आपोआप पाठवलेली नकाराची मेल आली. १६ ठिकाणी प्रत्यक्ष माणसाशी बोलणं झालं, त्यातल्या ९ ठिकाणी मुलाखती झाल्या आणि त्या नवांपैकी फक्त दोघांनी नंतर "तुमची निवड झाली नाही" असं सांगितलं. उरलेल्या सात ठिकाणी "पुढच्या आठवड्यात कळवतो" हेच अजून शेवटचं वाक्य आहे.

एकच उदाहरण देतो. तळेगावकडची कंपनी. चार फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत प्लांट हेडने मला शॉपफ्लोअरवर फिरवलं, त्यांच्या एका कास्टिंगमध्ये पोरॉसिटीमुळे (धातूत राहिलेल्या बारीक पोकळ्यांमुळे) रिजेक्शन वाढलं होतं ते दाखवलं आणि म्हणाले, यावर काय कराल ते मांडून आणा. मी तीन रात्री बसलो. कारणांची मांडणी, तपासणी कुठे आणि किती वेळाने, गेटिंगमध्ये (साच्यात धातू जायच्या वाटांमध्ये) काय बदल करून बघता येतील, सगळं लिहिलं. चाळीस मिनिटं सांगितलं. त्यांनी फाइल पेनड्राइव्हवर घेतली. मग एचआरने तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६, पॅन, आधार, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागवलं. "शुक्रवारी ऑफर रिलीज होईल" असं फोनवर सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली.

तो शुक्रवार गेला. पुढचाही गेला. फोन उचलेनात. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. याच दिवसांत रांजणगावहून एक बोलावणं आलं होतं, पगार थोडा कमी होता. तळेगावचं पक्कं आहे या समजुतीवर मी त्यांना नम्रपणे नाही म्हटलं. पाचव्या आठवड्यात तळेगावची तीच जागा पोर्टलवर पुन्हा नव्याने टाकलेली दिसली.

त्यांना मी नको होतो, तर नको. सोळा वर्षांत मीही सप्लायरचे लॉट परत पाठवले आहेत. पण लॉट परत पाठवताना आम्ही त्यावर लाल टॅग लावतो आणि कारण लिहितो. लोखंडाच्या तुकड्याला आम्ही जे देतो ते मला कुणी दिलं नाही.

कन्सल्टन्सीचे फोन हा आणखी वेगळा त्रास. दीड मिनिटात करंट सीटीसी (कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण पगार), एक्सपेक्टेड सीटीसी, नोटिस पिरियड. नोकरीत होतो तेव्हा नव्वद दिवसांची नोटिस हा माझा दोष होता. आता "लगेच येऊ शकतो" म्हटलं की आवाज बदलतो : "का सोडली? काढलं का?"

तुमचे अनुभव लिहा. आणि इथे भरतीचं काम करणारं कुणी असेल तर त्यांनीही लिहा. मला खरंच समजून घ्यायचं आहे की हे असं का होतं.

लेथ
रविवार, रात्री ११:२०

वय ४९, टूलरूम. तुमचा शब्द न शब्द माझा आहे. मला दोन ठिकाणी "तुमचा अनुभव आमच्या बजेटपेक्षा जास्त आहे" म्हणाले. बजेट मला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी कमी पगारातही आलो असतो, मुलीचं तिसरं वर्ष चालू आहे.

जाईजुई
सोमवार, सकाळी ९:१५

मायक्रोमीटर, तुमची वही वाचून गलबलून आलं. माझीही आहे, फक्त एक्सेलमध्ये.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. मुलगी झाल्यावर चार वर्षं घरी होते. परतताना पहिला अडथळा पोर्टलचा फॉर्म. नोकरीच्या तारखा भरायच्या, मधली मोकळी जागा चालत नाही, कारण निवडायला जी यादी आहे त्यात "मूल लहान होतं" हा पर्यायच नाही. "इतर" निवडते. पुढे चाळणीत काय होतं देव जाणे.

फोनवर मात्र सगळं विचारतात. घरी कोण असतं, मुलीला कोण बघतं, आणि एकीने तर सरळ विचारलं, "अजून एकाचा विचार आहे का मॅडम?" २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, असं कायदा सांगतो. ही रजा कंपनीने आपल्या खर्चाने द्यायची आहे. मग काही कंपन्या हा खर्च टाळण्यासाठी दारातच चौकशी करून घेतात. हक्क मिळाला आणि त्याच हक्काची किंमत मुलाखतीत मोजावी लागली, असं माझ्याबरोबरच्या तिघींच्या बाबतीत झालं आहे.

दुसरा प्रकार म्हणजे कॅमेऱ्याची मुलाखत. समोर माणूस नसतो. पडद्यावर प्रश्न येतो, विचार करायला तीस सेकंद, बोलायला दोन मिनिटं, मग पुढचा प्रश्न. मुलीला झोपवून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन मी ती दिली. ती कुणी पाहिली की नाही हे आजतागायत कळलेलं नाही. समोरच्याने मान हलवली की आपल्याला पुढचं सुचतं. रिकाम्या चौकोनाशी बोलताना मी माझंच काम विसरल्यासारखी अडखळत होते.

टेस्टर म्हणून एक सांगते, या चाळण्यांवर विश्वास ठेवण्याआधी त्यांची तपासणी व्हायला हवी. ॲमेझॉनने स्वतःसाठी बनवलेली अशी एक यंत्रणा मोडीत काढली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयटर्सने ती बातमी दिली. जुन्या अर्जांवरून ती शिकली, जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे, म्हणून "विमेन्स" हा शब्द दिसला की गुण कमी करायला लागली. मुलाखतीच्या व्हिडिओचं काम करणाऱ्या हायरव्ह्यू कंपनीने चेहऱ्यावरच्या हावभावांचं विश्लेषण जानेवारी २०२१ मध्ये थांबवल्याचं जाहीर केलं, तेही बरीच टीका झाल्यावर. म्हणजे त्याआधी त्यातून गेलेल्यांपैकी अनेकांचे चेहरे मोजले गेले होते.

पिंपळपान
सोमवार, दुपारी १:४०

मी पुण्यात एका कन्सल्टन्सीत रिक्रूटर आहे, सहा वर्षं. धाग्यात बोलावलंत म्हणून लिहिते. काही गोष्टी वाचून वाईट वाटेल, पण जे आहे ते आहे.

आमचा धंदा कसा चालतो ते आधी सांगते. माणूस रुजू झाला तर कंपनी आम्हाला त्याच्या वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के देते, म्हणजे ढोबळ एका महिन्याचा पगार. दर कमीजास्त असतो, पण हा आकडा बाजारात रुळलेला आहे. रुजू झाला नाही तर शून्य. रुजू होऊन तीन महिन्यांच्या आत सोडून गेला तर बहुतेक ठिकाणी बदली माणूस फुकट द्यायचा. त्यामुळे "नाही" सांगण्यात घालवलेल्या वेळेचे आम्हाला काहीच पैसे मिळत नाहीत. आमच्या ऑफिसात रोज किती प्रोफाइल पाठवले याचा हिशोब संध्याकाळी सहाला होतो. किती जणांना उत्तर दिलं याचा होत नाही.

एकच जागा कंपनी चार-पाच कन्सल्टन्सींना देते. जो सीव्ही आधी चढवेल त्याचा तो उमेदवार, पुढचे काही महिने. म्हणून ती दीड मिनिटांची घाई. मी फोनवर असते तेव्हा दुसऱ्या ऑफिसातली मुलगी त्याच माणसाला फोन लावत असते. म्हणूनच तुमचा सीव्ही एकाच जागेसाठी दोघांकडून जाऊ देऊ नका. दोघांच्या भांडणात कंपनी तो बाजूलाच ठेवते. फोन आला की आधी विचारा : कंपनी कोणती, जागा मंजूर झालेली आहे की पुढेमागे लागेल म्हणून नावं गोळा करताय, आणि माझ्या लेखी होकाराशिवाय पाठवू नका.

आता "कळवतो" बद्दल. दहातल्या सहा वेळा आम्हालाही माहीत नसतं. कंपनीच्या पोर्टलवर "फीडबॅक पेंडिंग" दिसत राहतं. जागा होल्डवर जाते, बजेट दुसऱ्या खात्याकडे वळतं, आतलाच माणूस घेतात, मॅनेजर बदलतो. आम्ही विचारलं तर "धिस वीक" एवढंच उत्तर. मग उमेदवाराचा फोन आला की आम्ही उचलत नाही, कारण सांगायला काही नसतं. मीही उचललेले नाहीत. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

मायक्रोमीटर, तुमच्या अर्जांबद्दल थोडं. आम्ही रेझडेक्ससारख्या, उमेदवारांच्या सीव्हींच्या डेटाबेसवर शब्द टाकून शोधतो आणि मग गाळण्या लावतो : शहर, अनुभव, नोटिस, शेवटचं प्रोफाइल कधी उघडलं. महिनाभर हात न लावलेलं प्रोफाइल आम्हाला बहुतेक वेळा दिसतच नाही. दोन-तीन दिवसांनी काहीतरी बदलून जतन करत जा. "पीपीएपी" लिहिता तिथे "प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस" असं पूर्णही लिहा. एफएमईए, एमएसए, आयएटीएफ १६९४९ अशा तुमच्या क्वालिटीतल्या सगळ्याच शब्दांचं तसं करा, कारण शोधणाऱ्या मुलीला यातलं काय टाकावं हे बऱ्याचदा माहीत नसतं, जेडीत (कंपनीने दिलेल्या कामाच्या वर्णनात) असेल तोच शब्द ती टाकते. दोन रकान्यांचे देखणे सीव्ही, तक्ते, फोटो नकोत. यंत्राला ते नीट वाचता येत नाहीत आणि तुमची सोळा वर्षं भलत्याच रकान्यात जातात.

आणि ऑफरचं पत्र हातात आल्याशिवाय दुसरी मुलाखत कधीही सोडू नका. कुणीही काहीही सांगितलं तरी. मीसुद्धा.

मायक्रोमीटर
सोमवार, रात्री ९:०५

पिंपळपान, मनापासून आभार. सीव्ही आज बदलला. इतकं स्पष्ट मला सात महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

पण एक विचारतो, राग मानू नका. "कंपनीकडून अजून काही कळलेलं नाही" हेही एक उत्तरच आहे ना? तेवढं कळलं असतं तर मी रांजणगावला गेलो असतो. तुम्हाला सांगण्यासारखं काही नव्हतं असं तुम्ही म्हणता. माझ्या दृष्टीने तेच सांगण्यासारखं होतं.

पिंपळपान
सोमवार, रात्री ९:३१

बरोबर आहे तुमचं.

निवृत्त लेखनिक
मंगळवार, सकाळी ७:१०

तुम्हा मुलांचं वाचून आमचे दिवस आठवले. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्ड मिळायचं, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करायला रांग लावायची. मी साताऱ्याला उन्हात उभा राहिलोय. कॉल येईल म्हणून पोस्टमनची वाट बघायची.

ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. रिक्त जागा कळवणं १९५९ च्या कायद्याने मालकांना बंधनकारक होतं, पण त्या कार्यालयाने पाठवलेल्यांतूनच माणूस घ्यावा अशी सक्ती त्यात नव्हती. वर्षानुवर्षं कार्ड खिशात ठेवून वय उलटून गेलेले मित्र मी पाहिले आहेत. तरीही एक फरक जाणवतो. खाजगी कंपनीत टपालाने अर्ज केला की पुष्कळदा टंकलिखित दोन ओळी यायच्या, "खेद वाटतो" अशा. एका कारखान्याचं १९७९ चं तसं पत्र माझ्या ट्रंकेत अजून आहे. नकारच होता, पण खाली कुणाची तरी शाईची सही होती. तेव्हा पाकीट, तिकीट, टंकलेखक एवढा खटाटोप करून कळवत होते. आता बोट लावलं की निरोप जातो, आणि तेवढंही होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वऱ्हाडी पोर
मंगळवार, दुपारी ३:२५

काका, दादा, तुमच्याएवढा अनुभव नाही मला. यवतमाळ जिल्ह्यातला. २०२३ ला बी.ई. कॉम्प्युटर. कॅम्पसमध्ये निवड झाली होती, ऑफर लेटर आलं, गावात पेढे वाटले. जॉइनिंगची तारीख तीनदा पुढे गेली, मग मेललाच उत्तर येणं बंद झालं. चौदा महिने गेले त्यात. त्या चौदा महिन्यांत दुसरीकडे गेलो की विचारायचे, "पास होऊन वर्ष झालं, काय केलं?" ऑफर लेटर दाखवलं तर म्हणायचे, मग तिथेच जा.

त्यानंतर जे झालं ते घरी आईला अजून सांगतलं नाही. पोर्टलवर सीव्ही होता, त्यावरून फोन आला. घरून काम, डेटा ॲनालिस्ट, मोठ्या कंपनीचं नाव. टेलिग्रामवर मुलाखत झाली. ऑफर लेटर आलं, लोगो, शिक्का सगळं बरोबर. मग लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, पडताळणी फी, असे तीन वेळा मिळून १८,५०० रुपये घेतले. बाबानं कापूस विकून ठेवलेले पैसे होते. आधार आणि पॅनचे फोटोही त्यांच्याकडे गेले. शेवटचा हप्ता शनिवारी रात्री दिला. कालपासून नंबर बंद आहे. कुठं सांगावं समजून नाही राहिलं.

दर्यावर्दी
मंगळवार, दुपारी ३:४८

वऱ्हाडी पोर, आधी हे कर, मग पुढचं वाच. आत्ता १९३० ला फोन लाव. सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तीच तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही घाल. तिन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक (बँकेचे व्यवहार क्रमांक), स्क्रीनशॉट, फोन नंबर, टेलिग्रामची खाती काढून ठेव, चॅट पुसू नकोस. बँकेलाही लेखी कळव. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तर काही परत मिळायची आशा असते, म्हणून तास मोजावे लागतात. आणि आईला सांग. हा गुन्हा तुझा नाही.

बाकीच्यांसाठी : मी दापोलीकडचा, जहाजावर असतो. आमच्या कोकणातल्या पोरांना बोटीवर लावतो म्हणून लाखांनी लुबाडतात. जहाजावर माणूस पाठवणाऱ्या एजन्सीकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना, म्हणजे आरपीएसएल, असावा लागतो आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायलाच बंदी आहे. परवाना आहे की नाही हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर बघता येतं. आखातात किंवा इतर देशांत कामगार पाठवणाऱ्या एजंटची नोंद १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते, आणि त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये व वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, पावती देऊन.

थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार भरपूर, तिकीट आमचं, अशी जाहिरात दिसली तर दहा वेळा विचार करा. आपली कितीतरी मुलं तशी जाऊन म्यानमारच्या म्यावाडी भागात आणि कंबोडियात अडकली, पासपोर्ट काढून घेतले, लोकांना ऑनलाइन फसवायला बसवलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून शेकडो जणांना आणावं लागलं. तीही नोकरीच शोधत होती.

टोरांटोकर
मंगळवार, रात्री ८:४०

मायक्रोमीटरचं म्हणणं कायद्यात बसू शकतं, हे सांगायला लिहितो. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाने सार्वजनिक जाहिरात देऊन मुलाखत घेतली तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निवडीबाबत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचं आहे. जाहिरातीत पगाराची मर्यादा लिहायची, ही जागा खरंच रिकामी आहे का ते लिहायचं, अर्ज चाळायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरत असाल तर तेही लिहायचं. "कॅनडातला अनुभव हवा" अशी अट जाहिरातीत घालता येत नाही.

ही शेवटची अट माझ्यासाठी फार मोलाची आहे. २०१८ मध्ये मी आलो तेव्हा पुण्यातली अकरा वर्षं इथे कुणी मोजली नाहीत. गोदामात आठ महिने खोकी उचलली.

फक्त अर्ज करून बोलावणं न आलेल्यांना यात संरक्षण नाही, तेवढं अपुरंच आहे. पण चार फेऱ्या देऊन वाट बघणाऱ्याला आहे.

एडिसनकर
बुधवार, सकाळी ६:३०

टोरांटोकरांनी "जागा खरंच रिकामी आहे का" लिहिलं, त्यावरून मला एक गोष्ट बोलायची आहे. न्यू जर्सीत असतो, एच-वनबी या कामाच्या व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत.

इथे ग्रीन कार्डासाठी पर्म नावाची पायरी असते. त्या जागेसाठी लायक आणि तयार असा अमेरिकी कामगार मिळत नाही हे मालकाने दाखवायचं. त्यासाठी दोन रविवारी वृत्तपत्रात जाहिरात, राज्याच्या यंत्रणेत ३० दिवस नोंद, वगैरे. पण त्या जागेवर आधीच कुणीतरी बसलेलं असतं. माझ्या वेळी तो मी होतो. माझ्याच कामाची जाहिरात मी रविवारच्या पेपरात वाचली. कुणीतरी ती वाचून अर्ज केला असेल, दोन-तीन आठवडे फोनची वाट पाहिली असेल, हा विचार तेव्हा आला नाही, आज हा धागा वाचताना आला.

काही कंपन्यांनी तर अशा जागांचे अर्ज मुद्दाम टपालानेच मागवले, नेहमीच्या संकेतस्थळावर त्या टाकल्याच नाहीत. अमेरिकी न्याय खात्याने त्यावरून कारवाई केली. फेसबुकने ऑक्टोबर २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची आणि ॲपलने नोव्हेंबर २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. नियम सरकारचा, पाळणारी कंपनी, फायदा माझा, आणि वाट बघत बसलेला माणूस कुणाच्याच हिशोबात नाही. मला याचं उत्तर सापडलेलं नाही. रांगेतली माझी जागा सोडून द्यायची माझी तयारीही नाही, हेही खरं.

अंबडवाला
बुधवार, सकाळी ११:१०

सगळे मालकांना झोडताय म्हणून दुसरी बाजू. नाशिकला अंबड एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, ३४ माणसं. एचआर खातं वगैरे नाही, मीच. गेल्या वर्षी सीएनसी सेटरच्या (संगणकावर चालणारी मशीन कामाला लावून देणाऱ्याच्या) एका जागेसाठी तिघांना पत्र दिलं. पहिला रुजू व्हायच्या दिवशी आला नाही, फोन बंद. दुसरा चार दिवस आला, पगारवाढ मागायला आमचंच पत्र जुन्या मालकाला दाखवून परत तिकडे गेला. त्या दोन महिन्यांत माझी एक मशीन रिकामी उभी होती आणि बँकेचा हप्ता चालू होता. न कळवण्याचा रोग दोन्हीकडे आहे.

लेथ
बुधवार, दुपारी १२:०२

अंबडवाला, तुमचं नुकसान झालं हे मान्य. पण तुमच्याकडे ३४ माणसं काम करतायत, आमच्या घरात एकटा कमावता होता. दोन्ही पारडी सारखी नाहीत हो.

पिंपळपान
बुधवार, दुपारी १:१५

नव्वद दिवसांच्या नोटिशीने ही सवय लावली आहे, असं मला वाटतं. तीन महिने हातात असले की माणूस एक ऑफर घेऊन दुसरी शोधतो. कंपन्यांना ते माहीत आहे, म्हणून त्याही एका जागेसाठी दोघातिघांना टांगून ठेवतात. दोघंही एकमेकांवर विश्वास न ठेवता चाललेत. मोठ्या कंपन्यांनी नोटिस महिन्यावर आणली तर माझं निम्मं काम सोपं होईल.

मायक्रोमीटर
बुधवार, रात्री १०:२०

अंबडवाला, न सांगता न येणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. ते चूकच.

एक विचारू का? त्या सेटरच्या जागेसाठी आणि त्यानंतर, तुम्ही एकूण किती जणांच्या मुलाखती घेतल्या? आणि ज्यांना घेतलं नाही त्यांच्यापैकी किती जणांना तसं सांगितलं?

अंबडवाला
बुधवार, रात्री ११:०५

एकालाही नाही. घेतलं त्याला फोन केला, बाकीच्यांना समजेलच असं धरून चाललो. नावं रजिस्टरमध्ये आहेत. उद्या बघतो.

वऱ्हाडी पोर
गुरुवार, सकाळी १०:३०

दर्यावर्दी दादा, मंगळवारीच १९३० ला लावला होता. तक्रार क्रमांक मिळाला. तिसऱ्या हप्त्यातले ६,००० रुपये एका खात्यात गोठवलेत असा मेसेज काल आला. बाकीचे गेले बहुतेक. आईला सांगतलं. रडली, मग म्हणाली जेवून घे.

जाईजुई
गुरुवार, सकाळी १०:४४

वऱ्हाडी पोर, टेस्टिंग शिकायची तयारी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. माझ्याकडे सरावाचं साहित्य आहे, पैसे नकोत. रविवारी सकाळी दोन तास मी देऊ शकते.

अंबडवाला
शनिवार, संध्याकाळी ६:५०

रजिस्टर काढलं. गेल्या पाच महिन्यांत एकवीस जण मुलाखत देऊन गेले होते. चौघांना घेतलं होतं. उरलेल्या सतरा जणांना काल दुपारी बसून प्रत्येकाच्या नावाने मेसेज केले : जागा भरली, तुमची निवड झाली नाही, उशिरा कळवतोय त्याबद्दल माफी असावी. सगळे मिळून पाऊण तास लागला.

तिघांचे नंबर बदललेले निघाले. नऊ जणांनी उत्तर दिलं. बहुतेकांचं "ओके सर". एकाने लिहिलं की दुसरीकडे लागलोय, तरी आठवण ठेवलीत, बरं वाटलं. सिन्नरच्या एका मुलाची मुलाखत मी जूनमध्ये घेतली होती. हात चांगला होता त्याचा, फक्त फॅनुक कंट्रोलवर (आमच्या मशीनच्या नियंत्रण यंत्रणेवर) काम केलेलं नव्हतं. त्याचं उत्तर आलं : "धन्यवाद सर. आता दुसरीकडे हो म्हणतो."